शाळेतल्या छळावर पिक्चर काढायचाय? मग आधी तो कोयता दप्तरातनं बाहेर काढा

गेल्या वर्षभरात मला पाचसहा जणांनी एकच गोष्ट ऐकवलीय. नववीतला पोरगा, गप्प गप्प, वर्गातली टोळी त्याला छळते, घरात बाप ओरडतो, पोरगं मनानं आजारी पडतं आणि शेवटी दप्तरात कोयता घालून शाळेत येतं. कोयत्यापर्यंत आलं की सांगणारा आवाज बारीक करतो, जरा पुढं वाकतो आणि माझ्या तोंडाकडं बघतो, कसं वाटलं म्हणून. मी काय बोलणार, माझ्या पहिल्या ड्राफ्टात पण हेच होतं, फक्त कोयत्याच्या जागी हॉकी स्टिक होती.

तर ज्यांना कोल्हापुरात राहून, खिशातले पैसे घालून असला पिक्चर काढायचाय त्यांच्यासाठी हे लिहायलोय. आम्ही पाच जणांनी मिळून एक चाळीस मिनिटांचा काढला, अकरा दिवस शूटिंग, पैसे मित्रांचे आणि एका फुटलेल्या भिशीचे. फिल्म स्कूल वगैरे कुणीच केलेलं नाही, त्यामुळं खाली जे आहे ते ठेचा खाऊन आलेलं आहे, आणि एक ठेच तर अजून दुखत्या, ती मधे सांगतो.

पहिलं काम, शेवट बदला. शाळेतली हिंसा म्हटलं की आपल्या डोक्यात अमेरिका येते, लांब कॉरिडॉर, लॉकर, बंदूक. ते तिथलं आहे, तिथंच राहू दे, आमच्या मिरजकर तिकटी चौकातल्या शाळेत लॉकर नसतात. पण तिथल्या एका अभ्यासातली गोष्ट मला लई उपयोगी पडली. १९९९ साली कोलंबाईन शाळेत गोळीबार झाला, त्यानंतर तिथल्या सिक्रेट सर्व्हिसनं आणि शिक्षण खात्यानं मिळून शाळांवरच्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास केला आणि २००२ मध्ये अहवाल काढला. त्यात आलं की हल्ला करणाऱ्या पोरांचा असा ठरलेला साचा काही नाही, एकटी पडलेली होती तशी मित्रमंडळींत रमणारी पण होती, नापास होणारी होती तशी चांगल्या मार्कांची पण होती. छळ सोसलेली बरीच होती पण सगळी नव्हती. आणि मला जे लागलं ते हे, की ८१ टक्के घटनांत निदान एका माणसाला तरी आधी कुणकुण होती, आणि तो माणूस बहुतेक वेळा मोठा कुणी नव्हताच, बरोबरीचंच पोर होतं. मित्र, वर्गातलं कोणतरी, भाऊ.

हे वाचलं त्या रात्री मी हॉकी स्टिक कापली. कारण मग पिक्चर कुणाचा? ज्याला माहीत होतं त्याचा. जी पोरं हसली, ज्यांनी मान फिरवली, ज्यांनी व्हिडिओ काढला नाही पण आलेला पुढं पाठवला त्यांचा. मारणारा एक, मार खाणारा एक, आणि वर्गात पोरं साठ. म्हणजे थिएटरात बसलेल्यांपैकी बहुतेक जण त्या अठ्ठावन्नातले आहेत हो, त्यांना आपण कोयत्याची गोष्ट सांगितली की ते सुटतात, ते म्हणतात आम्ही काय असले नाही. आमची नायिका मग तिसऱ्या बाकावरची एक मुलगी झाली जी चांगली आहे, हुशार आहे, आणि हसते. बास, एवढंच करते ती अख्ख्या पहिल्या अर्ध्या तासात. हसते.

याचा दुसरा फायदा पैशाचा. छळ कॅमेऱ्यासमोर दाखवायचाच नाही असं ठरवलं की फाईट मास्टर नको, रक्त नको, रिटेक नको. आवाज बाहेरनं, कॅमेरा हसणाऱ्यांच्या तोंडावर. मधल्या सुट्टीत डबा हिसकावतात तो सीन आमच्याकडं पूर्ण एका मुलीच्या चेहऱ्यावर आहे, ती चपाती चावत चावत बघायल्या आणि चावायचं थांबते, एवढंच. लोकांना तोच सीन लक्षात राहिला.

आता शब्दाचं बघू. बुलिंगला आपल्याकडं धड शब्दच नाही आणि हीच अर्धी गोची आहे. चेष्टा, मस्करी, उडवणं, खेचणं, मापं काढणं, सगळे शब्द हसरे आहेत. हॉस्टेलला गेलं की त्याला रॅगिंग म्हणतात आणि मग तो गुन्हा होतो, महाराष्ट्रात त्याला १९९९ पासून वेगळा कायदा आहे, पण सातवी ब मध्ये तेच झालं तर ती गंमत. स्क्रिप्ट लिहिताना गंमत कुठं संपते हे ठरवायला मी डॅन ओल्वेअस यांचं माप वापरलं, स्वीडन-नॉर्वेत १९७० च्या दशकापासून यांनी शाळांतल्या छळावर काम केलं. तीन गोष्टी बघायच्या, मुद्दाम चाललंय का, परत परत चाललंय का, आणि ज्याच्यावर चाललंय त्याला उलट उत्तर देता येण्यासारखं आहे का, म्हणजे ताकद बरोबरीची आहे का. दोन पेठांतली पोरं शाहू स्टेडियमच्या बाहेर फुटबॉलवरनं एकमेकांची आई काढतात ते छळ नाही, ते कोल्हापूर आहे. पण तीच पेठेतली पाच पोरं बाहेरगावाहून आलेल्या एकाच्या बोलण्याची रोज नक्कल करतात तेव्हा तिन्ही अटी पुऱ्या झाल्या. तुमच्या प्रत्येक सीनला ही तीन मापं लावून बघा, निम्मे सीन नुसते भांडणाचे निघतील.

ताकद म्हणजे दंडाची ताकद एवढंच धरू नका. आपल्याकडं आडनाव ही ताकद आहे. पेठ, तालीम, बापाची गाडी, ट्यूशनला कुणाकडं जातो, मराठी मीडियम की सेमी, आणि जात तर हजेरीतच कळते. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्याच्या आधी वेगवेगळ्या समाजांच्या पोरांसाठी बोर्डिंगं काढली, ह्या गावात बसून शाळेचा पिक्चर लिहायचा आणि त्यात जातच नाही असं दाखवायचं म्हणजे कमाल आहे. भाषण नको, पण हजेरी घेताना एका आडनावावर मागनं येणारा बारीक खोकला पुरतो.

माहिती कुठनं गोळा करायची? शाळकरी पोरांना समोर बसवून तुझा छळ होतो का रे असं विचारायचं नाही, कधीच नाही. जखम उघडून आपण रिक्षा पकडून घरी जाणार आणि पोरगं रात्री एकटं. शिवाय पोरं खरं सांगत नाहीत. खरं सांगतात तीन माणसं. शाळेचे रिक्षामामा, शिपाई मामा आणि तिशी ओलांडलेली माणसं. रिक्षामामाला कोण कुणाशेजारी बसत नाही हे शाळा सुरू झाली की दुसऱ्या आठवड्यातच कळलेलं असतं. आणि तिशीतल्या माणसाला चहावर बसवून नुसतं विचारा, शाळेत तुला काय म्हणायचे? लगेच सांगतो, हसत हसत, आणि मग दोन मिनिटांनी हसायचं बंद होतं. माझं निम्मं स्क्रिप्ट असं आलंय.

खऱ्या घटनेवर करायलासा तर जपून. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७४ आहे, त्यात पीडित मूल असो, साक्षीदार असो की कायद्याच्या कचाट्यात सापडलेलं मूल असो, नाव पत्ता शाळा फोटो, ओळख पटेल असं काहीच छापायचं दाखवायचं नाही, सहा महिन्यांपर्यंत शिक्षा किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तालुका बदलला आणि नाव बदललं म्हणजे झालं असं नसतं, गावातल्या माणसांना पाचव्या मिनिटाला कळतं. दोन तीन घटनांतले तुकडे घेऊन चौथी गोष्ट करा.

आजाराबद्दल

इथं सगळ्यात जास्त पिक्चर घसरतात, आमचा पण घसरला होता. डोकं धरून कोपऱ्यात बसलेलं पोरगं, आरशाला तडा, कानात घुमणारे आवाज, हे तिन्ही शॉट आत्ताच कापून टाका. आधी एक गोष्ट पक्की करा, मानसिक आजार असलेली बहुतेक माणसं हिंसक नसतात, उलट त्यांनाच मार बसायची शक्यता जास्त. आजारी पडला म्हणून कोयता उचलला असा सरळ रस्ता दाखवला की ज्या घरात गोळ्या चालू आहेत त्या घरातल्या माणसाला तुम्ही गल्लीत एकटं पाडलंत. आणि आजारी पोर वर्गात एकच असतं हे पण खोटं आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयात ७.३ टक्के पोरांना कुठला ना कुठला मानसिक आजार दिसला. साठाच्या वर्गात चार धरा. म्हणजे छळणाऱ्यांत पण एखादं असणार, हसणाऱ्यांत पण.

पौगंडातलं डिप्रेशन रडकं नसतं बऱ्याचदा, चिडकं असतं. आई डबा दे म्हणली की वस्सकन अंगावर येतं. सोमवारी सकाळी पोट दुखतं, रविवारी दुखत नाही. रात्री दोनला जागं आणि दुपारी झोपतंय. फुटबॉल सोडला, विचारलं तर म्हणतंय कंटाळा आला. आणि हे एकदोन दिवसांचं नाही, निदान दोन आठवडे जवळपास रोज. अशा बारीक गोष्टी लिहा, शूट करायला पण स्वस्त आहेत, एक पोट धरून बसलेलं पोर आणि दाराशी सायकल, बास.

घरातली माणसं काय करतात तेही आपल्यासारखंच येऊ दे. पहिल्यांदा मोबाईल काढून घेतात. मग आजी मीठ मोहऱ्या उतरते, कोणतरी बाहेरचं बघून घ्या म्हणतं, मग गल्लीतले डॉक्टर टॉनिक देतात, आणि सीपीआरच्या, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्याच्या, मानसोपचार विभागाची पायरी सगळ्यात शेवटी, ती पण गाडी लांब लावून, ओळखीचं कुणी बघू नये म्हणून. यात कुणाला खलनायक करू नका. आजी प्रेमानंच उतरते.

स्क्रिप्ट एका मानसोपचार तज्ज्ञाला वाचायला द्याच. आम्ही दिली त्या डॉक्टर बाईंनी चहा संपायच्या आत चौदा खुणा केल्या. आमच्या गोष्टीत गोळी सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी पोरगं हसत होतं, त्या म्हणाल्या ही गोळी मला पण द्या, कारण खरी गोळी लागू पडायला काही आठवडे जातात. मग आम्ही ते आठवडे पिक्चरमधे आणले, काहीच न घडणारे, पाऊस पडणारे, आणि पिक्चरचा तोच भाग मला आता सगळ्यात आवडतो.

पोरांच्या तोंडी येडं, सायको, ह्याला रत्नागिरीला सोडा असलं येऊ दे, पोरं बोलतात तसंच बोलणार, रत्नागिरीला मनोरुग्णालय आहे हे आपल्याकडं पहिलीतल्या पोराला पण ठाऊक असतं. फक्त त्या वाक्यावर पिक्चरनं हसायचं नाही. म्हणजे मागं टिंग टँग म्युझिक नको, हसण्यावर कट नको, वाक्य पडलं की पडू दे.

आत्महत्येचा विषय येणार असेल तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सिनेमा नाटकवाल्यांसाठी मुद्दाम पुस्तिका काढलीय, ती आधी वाचा, फुकट मिळते. थोडक्यात, कशानं केलं ते दाखवायचं नाही, जागा दाखवायची नाही, सगळे प्रश्न त्यानं सुटले असं दाखवायचं नाही, आणि मागं राहिलेली चिठ्ठी वाचून सगळा वर्ग रडला असला शेवट तर बिलकुल नको, कारण त्या वयातल्या दुखावलेल्या पोराला नेमकं तेच पाहिजे असतं, मी गेल्यावर कळेल ह्यांना. आम्ही तो अख्खा धागाच काढला. पिक्चरचं काय कमी झालं नाही.

बोली हा आपला हक्काचा माल आहे. पुण्याची एक चांगली ॲक्टर पोरगी आली होती ऑडिशनला, सगळं छान, पण डायलॉग म्हणताना ‘मी जाते’ म्हणली. आमच्या पोरी मी जातो, मी येतो, मी सांगतो म्हणतात हो, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, तरी पिक्चरमधे कोल्हापूरची मुलगी आली की एकतर प्रमाण बोलते नाहीतर गावठी कॉमेडी. आमच्या नायिकेचं सगळ्यात मोठं वाक्य आहे, मी सांगतो सरांना. हे वाक्य मी जाते वाल्या मराठीत ठेवलं की मेलं.

पोरं निवडताना आणि ती एक ठेच

कायदा आधी. १४ वर्षांखालचं मूल घ्यायचं तर बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांत सगळं लिहिलंय. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, त्यासोबत फॉर्म सी मधलं हमीपत्र. दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, सलग तीन तासांवर विश्रांतीशिवाय नाही, सलग २७ दिवसांच्या वर नाही, पाच मुलांमागं एक जबाबदार माणूस, शाळा बुडणार नाही याची सोय, आणि मानधनातले किमान २० टक्के पोराच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत एफडी. छोट्या पिक्चरवाले म्हणतात एवढं कोण बघतंय. तुम्ही बघा की, छळावर पिक्चर काढायलाय ना. आमची निम्मी पोरं चौदा पूर्ण होती, त्यांना हे नियम लागत नव्हते तरी पाच तास सगळ्यांना सारखेच ठेवले, नाहीतर सेटवर कुणाची सुट्टी झाली कुणाची नाही यावरनं नवीनच राजकारण सुरू होतं.

छळणाऱ्याच्या रोलला खरोखर दादागिरी करणारा पोरगा घेऊ नका, नॅचरल करतोय म्हणून. आम्ही सगळ्यात लाजाळू पोराला तो रोल दिला. तालमीत रोल अदलाबदल करायचे, आज तू मार, उद्या तो मारेल. सीन संपला की युनिफॉर्म काढायचा, स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायचं, आणि दहा मिनिटं लंगडी नाहीतर क्रिकेट, दिग्दर्शकासकट. थांब म्हणायला एक शब्द ठरवायचा, आमचा होता कटवडा, कुणी कटवडा म्हणलं की कॅमेरा चालू असला तरी सगळं बंद. अकरा दिवसांत तीनदा आला. एकदा कॅमेरामनकडनं, पण तो खरंच भूक लागली म्हणून.

आता ठेच. पिक्चरमधल्या पोराला आम्ही टोपणनाव दिलं होतं पंक्चर, त्याच्या बापाचं पंक्चरचं दुकान असतं म्हणून. मला लई आवडलेलं ते नाव, छोटं, तोंडात बसणारं. आणि वर्गात बसायला जी बाकीची पोरं लागतात ती आम्ही, सोपं पडतं म्हणून, त्या मुख्य पोराच्याच शाळेतली घेतली, त्याच्याच वर्गातली बरीचशी. शूटिंग संपलं, दिवाळीची सुट्टी संपली, आणि पंधरा दिवसांनी त्याच्या आईचा फोन. शाळेत त्याला पंक्चर म्हणतात. सगळे. दुसऱ्या तुकडीतले पण. आम्ही धावत गेलो, त्याच्याशी बोललो तर तो म्हणाला जाऊ दे हो दादा, मी गमतीत घेतो. हे आमच्याच स्क्रिप्टातलं वाक्य होतं, पान सतरा, मी लिहिलेलं.

वर्गशिक्षकांशी बोललो, पोरांशी बोललो, नाव चौदा ठिकाणी होतं, सिंक साऊंड, म्हणजे आवाज शूटिंगच्या वेळीच घेतलेला, असल्यामुळं नऊच ठिकाणी काढता आलं, बाकी ठिकाणी ओठ दिसत होते. दोन वर्षं झाली, अजून काही जण म्हणतातच. तर काय करायचं ते सांगतो. मुख्य पोरं आणि वर्गातली पोरं एका शाळेची कधीच घ्यायची नाहीत. टोपणनाव असं शोधायचं की जे पिक्चरबाहेर चिकटणार नाही, सेटवरच्या कुणाच्या रंगाला, उंचीला, जाडीला, जातीला, बापाच्या धंद्याला लागेल असं तर नकोच, आणि तोंडात पटकन बसणारं पण नको, लेखकाला जे नाव लई आवडतं ते आधी बाद करा. कॅमेरा बंद झाला की सगळ्यांना खऱ्या नावानंच हाक मारायची, स्पॉटदादानं पण. आणि शक्यतो टोपणनाव शूटिंगला ओठ न दाखवता घ्या, म्हणजे पुढं बदलायला जागा राहते.

शूटिंगचं थोडक्यात

शाळा मिळवणं हे कॅमेऱ्यापेक्षा अवघड आहे. विषय ऐकला की संस्थाचालक म्हणतात आमच्याकडं असलं काही होत नाही. तीन ठिकाणी हेच वाक्य, शब्दाला शब्द. त्यामुळं शाळेचं नाव, बोर्ड, बॅज, टायचा रंग सगळं काल्पनिक ठेवणार असं लिहून द्या, आणि तुमच्या काल्पनिक नावाची खरी शाळा जिल्ह्यात नाही ना हे तपासा. दिवाळीची सुट्टी सगळ्यात बरी. मे महिन्यात पत्र्याखाली पोरं भाजतात आणि जूनमधे पत्र्यावर पाऊस पडला की साऊंडवाला रडतो. चित्रनगरीत सेट लावता येतो पण खऱ्या बाकावर कर्कटकानं दहा बॅचांनी कोरलेली नावं तुम्हाला सेटवर मिळणार नाहीत. तीच नावं फ्रेममधे येताना मात्र पुसा नाहीतर झाका, खऱ्या माणसांची असतात.

युनिफॉर्म नवे शिवले तर चार वेळा धुवा, कोऱ्या शर्टाची पोरं नाटकातली वाटतात. वर्गातल्या ट्यूबलाईटी फडफडतात म्हणून शटर १/५० ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची, २४ फ्रेमला शूट करत असाल तर शटर अँगल १७२.८, किंवा सरळ २५ ला करा. कॅमेरा कुठला विचारू नका, बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमाराला इथंच स्वतःचा कॅमेरा बनवला होता, तुमच्याकडचा मोबाईल त्याच्या लई पुढं गेलाय. पैसे आवाजावर घाला. रिकाम्या वर्गाचा, मधल्या सुट्टीचा, घंटेचा, बाक सरकल्याचा आवाज वेगळा घेऊन ठेवा, छळ बाहेरनं ऐकवायचाय तर तुमचं सगळं वजन आवाजावर आहे. हसण्याचे तर वीस प्रकार घ्या. एकट्याचं, दोघांचं, दबलेलं, उशिरा आलेलं. उशिरा आलेलं हसू सगळ्यात भयानक वाटतं एडिटला, कारण त्या पोरानं आधी विचार केला आणि मग हसलं.

एखादी थप्पड दाखवायचीच असेल तर खरी कधीच नको, पोरगं हो म्हणालं तरी नको. लांबच्या लेन्सनं, ८५ एमएम वगैरे, मारणारा आणि खाणारा एकामागं एक उभे करा, मधलं फूटभर अंतर दिसत नाही, मान फिरवायची, आवाज नंतर.

व्हॉट्सॲपवरचा छळ आजकाल जास्त, आणि तो मजकुरापेक्षा स्टिकरचा. पोराचा जेवतानाचा, तोंड वाकडं झालेला फोटो काढायचा, कापायचा, स्टिकर करायचा, ग्रुपवर गुड मॉर्निंगला तोच. मोबाईलचा स्क्रीन शूट करू नका, वाचत बसावं लागतं. स्टिकर आल्यावर वर्गातले साठ खिसे एकापाठोपाठ थरथरतात तो आवाज आणि शिक्षकांची पाठ, आम्ही एवढंच ठेवलं. शाळेत मोबाईल चालत नाही म्हणाल तर तुम्ही शाळेत जाऊन लई दिवस झाले.

आणि प्रतिज्ञा चाललीय सारे भारतीय माझे बांधव आहेत आणि इकडं टॉयलेटमागं पोराला मारायलेत, हा कट करू नका. सगळ्यांना सुचतो. मला पण सुचला होता, मला वाटलं मी लई हुशार. तसंच शेवटी मुख्याध्यापकांचं परिपाठातलं भाषण नको. आमच्या पिक्चरमधे शिक्षिका ऐकून घेते, वही बंद करते आणि म्हणते मधल्या सुट्टीत ये, आणि मधल्या सुट्टीत ती खरंच थांबलेली असते. शाळेत एवढं झालं तरी लई झालं.

झाल्यावर

थिएटरात किंवा तिकीट लावून जाहीर दाखवायचा तर सेन्सॉर लागतं. २०२३ मधे कायद्यात दुरुस्ती झाली, आता यूए, म्हणजे पोरांनी आईबापांच्या देखरेखीत बघायचा, त्यात ७+, १३+, १६+ असे भाग आहेत. हा विषय १३+ मधे बसावा असाच लिहा, कारण ए, म्हणजे फक्त मोठ्यांसाठी, मिळाला तर ज्यांच्यासाठी काढलाय त्यांनाच बघता येणार नाही.

शाळेत दाखवायचा असेल तर आधी शिक्षकांना आणि पालकांना दाखवा, समुपदेशक असल्याशिवाय पोरांना नको. एका खेळाला दोन वर्ग, पाचशे पोरं हॉलमधे कोंबून नको, अंधारात पाचशे जण असले की आमच्याच पिक्चरवर हसतात, बघितलंय. संपल्यावर कुणाकुणाचा छळ होतो हात वर करा असं कुणी सर विचारतीलच, त्यांना आधीच सांगून ठेवा. कोऱ्या चिठ्ठ्या वाटायच्या, सगळ्यांनी काहीतरी लिहायचंच, काही नसेल तर डब्यात काय आणलं ते लिहायचं, म्हणजे कोण लिहितंय ते कळत नाही. चिठ्ठ्या समुपदेशकानंच उघडायच्या, आपण नाही. पहिल्याच शाळेत मी हावरटासारखा मागितल्या होत्या वाचायला, समुपदेशक बाईंनी दिल्या नाहीत, बरं केलं.

हेल्पलाईनचे नंबर शेवटी नावांच्या गर्दीत टाकू नका. काळ्या पडद्यावर, मोठ्या अक्षरात, निदान दहा सेकंद, आवाज बंद करून. मुलांसाठी १०९८, आणि मनाच्या त्रासासाठी सरकारची टेली मानस १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोलता येतं. दोन्ही नंबर एकदा कुणातरी पात्राच्या तोंडी पण येऊ देत, पाठ होतात.

यूट्यूबवर टाकताना पोरांच्या आईबापांना तारीख आधी सांगा, कमेंट बंद, थंबनेलवर छळ सोसणाऱ्या पोराचा चेहरा नको. पोस्टरवर पण नको. आमच्या पोस्टरवर तीन पोरी आहेत, तोंडावर हात धरून हसणाऱ्या, मागं फळा. गंगावेशीत लावला होता, तिथं दोघं तिघं थांबून विचारत होते, कॉमेडी हाय का? आम्ही म्हणलं हाय, या बघायला.